खिशातलं पिस्तूल आणि त्याच्यावरचा नंबर

इंदूरला सीमा सुरक्षा दलाची शस्त्रप्रशिक्षण देणारी मोठी संस्था आहे. तिथल्या संग्रहालयात एक कोल्ट पिस्तूल इतर जुन्या हत्यारांच्या रांगेत कित्येक वर्षं पडून होतं. गंज लागू नये म्हणून कुणीतरी त्याला काळा रंग फासलेला. २०१६च्या सुमारास शोधाशोध झाली, रंग खरवडला गेला आणि खालून आकडे वर आले: १६८८९६. लाहोर खटल्याच्या कागदपत्रांतला नंबर हाच. १७ डिसेंबर १९२८ रोजी साँडर्सवर ज्यातून भगतसिंगांनी गोळ्या झाडल्या ते हे .३२ बोरचं पिस्तूल. २०१७ मध्ये ते पंजाबात हुसैनीवालाच्या संग्रहालयात गेलं.

रंग खरवडण्याआधी ते एक जुनं हत्यार होतं, खरवडल्यावर देशाचा ठेवा झालं. लोखंड दोन्ही वेळा तेच.

अमेरिकेत आणि युरोपात हजारो लोक अशी छोटी, जुनी, खिशात मावणारी पिस्तुलं जमवतात. एखाद्या लिलावाची बातमी आली की आपल्याला प्रश्न पडतो: एकाच मॉडेलची वीस-वीस पिस्तुलं घेऊन हे करतात काय? उडवत तर नाहीत. आणि घरात आजोबांचं एखादं जुनं पिस्तूल असेल तर पुढचा प्रश्न लगेच येतो, आपणही झालो का मग संग्राहक? पहिल्याचं उत्तर रंजक आहे. दुसऱ्याचं तितकंसं नाही, पण तेही येईलच.

खिशातलं म्हणजे केवढं?

सुरुवात फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजर नावाच्या कारागिरापासून करावी लागते. त्यानं मुठीत लपेल एवढं, एकच गोळी उडवणारं पिस्तूल बनवलं. ते इतकं खपलं की नक्कल करणाऱ्यांनी त्याच्या नावात एक जादा ‘आर’ घुसडून आपला माल विकला, आणि पुढे तेच चुकीचं स्पेलिंग अशा सगळ्याच पिस्तुलांचं नाव होऊन बसलं. १४ एप्रिल १८६५च्या रात्री फोर्ड थिएटरात लिंकनवर झाडलेली गोळी अशाच एका डेरिंजरमधली.

खिशातल्या पिस्तुलाची गरज शहरांनी निर्माण केली. अंधारे रस्ते, अपुरे पोलीस, रात्रीची रेल्वे. १८९०च्या दशकात फ्रान्समध्ये ‘व्हेलो-डॉग’ नावाचं चिमुकलं रिव्हॉल्व्हर निघालं, ते खास सायकलस्वारांसाठी, मागे लागणाऱ्या कुत्र्यांवर रोखायला. त्यासाठी तिखटाची पूड भरलेली काडतुसंही मिळत. रात्री साडेअकराला स्कूटरवरून घरी येताना गल्लीच्या कोपऱ्यावरची टोळी मागे लागलेल्या कुणालाही त्या फ्रेंच माणसांची कळकळ समजेल.

खरी क्रांती केली ती अमेरिकेतल्या यूटाच्या जॉन ब्राउनिंगनं. त्यानं बेल्जियममधल्या हर्स्टाल गावच्या एफएन कारखान्यासाठी चपटं, स्वयंचलित पिस्तूल घडवलं. रिव्हॉल्व्हरचं गोल चक्र खिशात फुगतं, हे मात्र वहीसारखं सपाट. त्याचं ६.३५ मिलिमीटरचं ‘व्हेस्ट पॉकेट’, म्हणजे कोटाखालच्या जाकिटाच्या खिशात बसणारं पिस्तूल, एफएननं १९०५-०६ पासून बनवलं. थोडे फेरफार करून तेच अमेरिकेत कोल्टनं १९०८ मध्ये बाजारात आणलं. लांबी सुमारे ११४ मिलिमीटर, म्हणजे तुमच्या हातातल्या मोबाइलपेक्षा आखूड. वजन पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास. एफएननं ही पिस्तुलं दहा लाखांहून जास्त बनवली, कोल्टनं चार लाखांहून जास्त. त्याचा थोरला भाऊ म्हणजे कोल्टचं १९०३ सालचं .३२ बोरचं मॉडेल. ते कोटाच्या खिशातलं, आणि त्याची संख्या साडेपाच लाखांच्या वर.

हे आकडे लक्षात ठेवा. म्हणजे ही पिस्तुलं मुळात दुर्मीळ नाहीतच.

आत काय चालतं?

बोर म्हणजे नळीच्या आतला व्यास. .३२ बोर म्हणजे इंचाचे बत्तीस शतांश, साधारण आठ मिलिमीटर. काडतुसात चार गोष्टी असतात: पुढे गोळी, मागे पितळी टोपण, त्यात दारू, आणि बुडाशी ठिणगी पाडणारी टिकली.

दवाखान्याचं स्प्रिंगचं दार आठवा. ढकललं की उघडतं, तुम्ही आत गेलात की आपोआप मिटतं. छोट्या स्वयंचलित पिस्तुलात तेच होतं. दारूचा वायू गोळीला पुढे ढकलतो आणि त्याच वेळी रिकाम्या टोपणाला मागे. त्या धक्क्यानं वरचा जड पोलादी भाग, म्हणजे स्लाइड, मागे सरकतो आणि रिकामं टोपण बाहेर फेकलं जातं. मग स्प्रिंग स्लाइडला पुढे आणते, येताना ती मुठीतल्या मॅगझिनमधलं, म्हणजे काडतुसांच्या डबीतलं, नवं काडतूस नळीत सारते. काडतूस अशक्त असल्यामुळे दाराला कडी लागत नाही, दाराचं वजन आणि स्प्रिंग एवढंच पुरतं. म्हणून भाग कमी, म्हणून आकार लहान, म्हणून किंमत कमी. एवढीशी यंत्रणा, पण घड्याळजीला आवडेल इतकी नेटकी. निम्मे संग्राहक या नेटकेपणालाच भुललेले असतात.

मग जमवायचं ते काय?

फरक. एवढंच उत्तर आहे. पोस्टाची तिकिटं जमवणारा जसा एकाच तिकिटाच्या दातऱ्यांची संख्या मोजतो, तसं हे. कोल्टच्या छोट्या पिस्तुलाला आधी दोन सेफ्टी, म्हणजे चुकून गोळी सुटू न देणाऱ्या कळा, होत्या, एक बोटानं फिरवायची आणि एक मूठ आवळल्याशिवाय न सुटणारी. पुढे तिसरी आली: मॅगझिन काढलेलं असेल तर चाप ओढूनही गोळी सुटत नाही. या बदलाच्या अलीकडचं एक आणि पलीकडचं एक, अशी दोन तर हवीतच! मग निळसर-काळ्या पॉलिशचं एक, निकेलचं एक. मुठीवरच्या पट्ट्या कठीण रबराच्या, नंतर अक्रोडाच्या लाकडाच्या, क्वचित शिंपल्याच्या. (हस्तिदंताच्याही असत. पण हत्तीच्या दातांवरचे कायदे आता इतके कडक आहेत की तसं पिस्तूल संग्राहकाला पिस्तुलापेक्षा त्या दोन पट्ट्यांपायी जास्त डोकेदुखी देतं.)

बेल्जियमचा माल असेल तर त्यावर लिएजच्या परीक्षागृहाचा शिक्का सापडतो. हे परीक्षागृह १६७२ पासूनचं. नेहमीपेक्षा जास्त दारूचं काडतूस उडवून नळी टिकते का ते तिथे पाहत आणि टिकली तर छाप मारत. आपल्याकडे सोन्यावर हॉलमार्क, तसा तिथे नळीवर. वेगवेगळ्या काळातले शिक्के वाचून पिस्तुलाचा जन्मकाळ सांगणारे लोक आहेत.

आणि नकला! स्पेनमधल्या एइबार गावच्या छोट्या कारखान्यांनी ब्राउनिंगच्या पिस्तुलांच्या नकला इतक्या नावांनी काढल्या की त्यांची पुरती मोजदाद करणं हाच एक छंद आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला पिस्तुलं कमी पडली आणि १९१५ पासून त्यांनी याच गावाकडे ‘रूबी’ पिस्तुलांची ऑर्डर दिली. बऱ्याच कारखान्यांनी मिळून ती पुरवली, पण एकाचं मॅगझिन दुसऱ्याच्या पिस्तुलात बसेल याची खात्री नसे. सैन्यासाठी ती कटकट होती, आजच्या संग्राहकासाठी पर्वणी. खिसा हलका असलेले नवे लोक सुरुवात इथूनच करतात, आणि माझ्या मते खरी मजाही इथेच आहे.

‘घासून-पुसून लख्ख केलं तर जास्त भाव येईल ना?’

इथे आपली मराठी सवय आडवी येते. जुनी वस्तू मिळाली की चिंच लावून घासायची.

पण बिडाचा तवा आठवा. पंधरा वर्षं मुरलेल्या तव्याला नव्या सुनेनं, किंवा हौशी मुलानं, तारेच्या घासणीनं चकाचक केलं तर घरात काय होतं ते मी सांगायला नको. पिस्तुलावरचं निळसर-काळं पॉलिश, ज्याला ब्लुइंग म्हणतात, ते म्हणजे मुद्दाम चढवलेला आणि आवरलेला गंजच. हा पातळ थर खालच्या पोलादाला तांबड्या गंजापासून वाचवतो. तो कारखान्यात एकदाच चढलेला असतो. नंतर कुणी कितीही चांगला पुन्हा चढवला तरी त्याआधी पोलाद घासावं लागतं. घासलं की कडा गोलसर होतात, कोरीव अक्षरं उथळ पडतात, कोल्टच्या छापातल्या उधळलेल्या घोड्याचे पाय पुसट होतात, स्क्रूच्या भोकांभोवती खळगे पडतात. सराईत डोळ्याला हे हातभर अंतरावरून दिसतं.

म्हणून संग्राहक टक्क्यांत बोलतात. ‘नव्वद टक्के’ म्हणजे कारखान्यातलं मूळ पॉलिश अजून एवढं शिल्लक. साठ टक्के मूळ पॉलिशचं, थोडं डागाळलेलं पिस्तूल हे नव्यानं चमकवलेल्या पिस्तुलापेक्षा महाग जाऊ शकतं. त्यात मूळ पुठ्ठ्याचं खोकं, माहितीची घडी आणि दुकानाची पावती असेल तर विचारूच नका. वर सांगितलं तसं, पिस्तुलं लाखांनी बनली होती, पण खोकी कुणी जपली?

पिस्तुलाचा सातबारा

जमीन घेताना आपण माती बघतो, पण त्याआधी उतारा बघतो. पिस्तुलाचंही तसंच. कोल्ट कंपनीनं आपल्या जुन्या पाठवणीच्या वह्या जपल्या आहेत. फी भरून नंबर कळवला की कंपनी पत्र देते: हे पिस्तूल अमुक तारखेला, अमुक पॉलिशचं, अमुक शहरातल्या अमुक दुकानाला पाठवलं. पत्रात निळं पॉलिश लिहिलंय आणि हातात निकेलचं आहे, तर ‘उतारा’ आणि ‘जमीन’ जुळत नाही. बाजारात उभं राहायची सोय संपली.

याचा सगळ्यात मोठा फायदा-तोटा दिसतो तो जनरलच्या पिस्तुलांत. अमेरिकी सैन्य आपल्या जनरलना कोल्टची हीच खिशातली पिस्तुलं देत असे. आयझेनहॉवर, ब्रॅडली, पॅटन यांच्याकडे ती होती. त्यांवर सरकारी मालमत्तेचा छाप असे. आता असा छाप मागाहून मारणं काही अवघड नाही. म्हणून छापाला कुणी भुलत नाही, नंबर कोणत्या जनरलच्या नावे नोंदला होता तो कागद मागतात.

कागद लोखंडावर किती भारी पडतो याचं मला आवडणारं उदाहरण वेगळंच आहे. १० जुलै १८७३ रोजी ब्रुसेल्समध्ये फ्रेंच कवी पॉल व्हर्लेननं आपला मित्र आणि तितकाच मोठा कवी आर्थर रँबो याच्यावर गोळी झाडली. मनगटाला लागली, जीव वाचला, व्हर्लेन तुरुंगात गेला. ते ७ मिलिमीटरचं खिशातलं रिव्हॉल्व्हर त्यानं ब्रुसेल्समधल्याच दुकानातून घेतलं होतं. त्या काळी त्या जातीची रिव्हॉल्व्हरं पैशाला पासरी होती. नोव्हेंबर २०१६ मध्ये पॅरिसच्या लिलावात ते ४ लाख ३४ हजार ५०० युरोंना गेलं. त्या किमतीत लोखंड किती आणि मनगट किती, हिशेब तुम्हीच करा.

आणि कागदही पुरेसा नसेल तर? लिंकनच्या डेरिंजरबद्दल १९९०च्या दशकात अफवा उठली की खरं पिस्तूल पूर्वीच चोरीला गेलं आणि संग्रहालयात नक्कल आहे. एफबीआयच्या प्रयोगशाळेनं जुन्या फोटोंशी ताडून पाहिलं. लाकडी दस्त्यातली नक्षीसारखी रेष आणि एक जुनी भेग जुळली. पिस्तूल खरंच निघालं. इथे भेगच उपयोगी पडली. कुणी प्रेमानं दुरुस्त केली असती तर पुरावाच गेला असता.

‘पण ही खुनाची पूजाच नाही का?’

हा आक्षेप मी झटकणार नाही. साराजेव्होत २८ जून १९१४ रोजी ऑस्ट्रियाच्या युवराजाला मारताना गाव्रिलो प्रिन्सिपनं वापरलेलं पिस्तूल ब्राउनिंगचंच, १९१०च्या मॉडेलचं. अनेक ठिकाणी चुकून त्याआधीचं १९०० सालचं मॉडेल छापलं गेलं. ते कित्येक दशकं ख्रिस्ती धर्मगुरूंच्या एका संघाकडे पडून होतं आणि २००४ मध्ये व्हिएन्नाच्या लष्करी संग्रहालयात आलं. लोक काचेपुढे उभे राहून त्याच्याकडे पाहतात. पाहताना मनात इतिहास असतो की थरार, हे कोण सांगणार?

कुप्रसिद्ध गुंडांची पिस्तुलं लाखो डॉलरना घेणाऱ्यांचं मला कौतुक नाही. पण सर्वसाधारण संग्राहकाचं पिस्तूल कधी कुणावर रोखलंच गेलेलं नसतं. कुठल्यातरी औषध दुकानदाराच्या गल्ल्यात, कुणाच्या उशाखाली, चाळीस वर्षं न उडता पडून राहिलेली ती वस्तू. तिच्यात रस असणं आणि खुनात रस असणं यात अंतर आहे. ते सगळेच पाळतात असं मात्र नाही.

तिकडे हे चालतं कसं?

अमेरिकेत १९६८चा केंद्रीय कायदा १८९८ पर्यंत बनलेल्या बंदुकांना ‘पुराणवस्तू’ मानतो. पन्नास वर्षं ओलांडलेल्या हत्यारांसाठी संग्राहकांचा वेगळा परवाना आहे: तीन वर्षांना ३० डॉलर, आणि घेतल्या-दिल्याची नोंदवही ठेवायची.

त्याच कायद्यानं एक गंमत केली. आयात होणाऱ्या पिस्तुलांना लांबी, वजन यांवर गुण द्यायची पद्धत आली. छोटी, स्वस्त पिस्तुलं बाहेर ठेवणं हा हेतू. एफएनचं ‘बेबी ब्राउनिंग’, जे पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपासचं, ते त्यात साफ नापास झालं आणि १९६८ नंतर अमेरिकेत येणं थांबलं. परिणाम उघड आहे. जी आधीच येऊन पडली होती ती संग्राहकांची लाडकी झाली. जर्मन वॉल्थर कंपनीनं डोकं चालवलं: आपल्या छोट्या पीपीके पिस्तुलाची स्लाइड थोरल्या पीपीच्या सांगाड्यावर बसवली, उंची-वजन वाढवलं आणि पास झाली.

ब्रिटननं १९९६च्या डनब्लेन शाळेतल्या हत्याकांडानंतर पिस्तुलं जवळपास बंदच केली, ऐतिहासिक हत्यारांना अरुंद दार ठेवून. तेही २०२१ मध्ये आणखी अरुंद झालं. ‘आता याची काडतुसंच मिळत नाहीत’ म्हणून मोकळ्या असलेल्या जुन्या बंदुकांसाठी गुन्हेगार घरगुती काडतुसं बनवू लागले होते. मग सात प्रकारची काडतुसं त्या सवलतीच्या यादीतून काढण्यात आली.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे या पिस्तुलांचा इतिहास आहे, छंद नाही. १९०९ मध्ये लंडनहून सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुलं चतुर्भुज अमीन यांच्या ट्रंकेच्या चोरकप्प्यातून मुंबईला पाठवली. वीस पिस्तुलं एका ट्रंकेच्या तळात मावली, याचं कारण वर आलंच आहे: वहीसारखं सपाट. त्यांतल्याच एकानं २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. आणि चंद्रशेखर आझादांचं ‘बमतुल बुखारा’? तेही कोल्टचं १९०३ सालचं खिशातलं मॉडेल. अलाहाबादच्या संग्रहालयात ते आहे. न्यूयॉर्कचा कुणी व्यापारी ज्या जातीचं पिस्तूल गल्ल्यात ठेवून विसरला, त्याच जातीचं हे.

छंद का नाही, ते कायद्यात आहे. शस्त्र अधिनियम १९५९चा, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका बाळगता येतात. आधी तीन चालत. वारशानं आल्या तरी मर्यादा तीच. म्हणजे एइबारच्या नकला वीस तर सोडाच, तिसरीसुद्धा नाही. सामान्य माणसाला परदेशातून पिस्तूल आणणं १९८०च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. त्यामुळे ‘अमेरिकेतला भाचा येताना घेऊन येईल’ हा विचार मनातून काढून टाका.

‘पण ते चालतच नाही, मग परवाना कशाला?’

हा गैरसमज सगळ्यात जास्त पसरलेला आहे. कायद्याच्या कलम ४५ मध्ये सूट आहे खरी: जुन्या धाटणीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं हत्यार. पण पुढची अट लोक वाचत नाहीत. ते दुरुस्त करूनही किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येण्यासारखं नसलं पाहिजे. १९०८च्या पिस्तुलाची स्प्रिंग तुटली असेल तर ती बदलता येते, म्हणजे सूट गेली. शंभर वर्षांचं आहे, गंजलंय, काडतुसं नाहीत, यातलं काहीही तुम्हाला वाचवत नाही. विनापरवाना सापडलं तर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे. आणि ‘मोडकं’ आहे की नाही हे आपण ठरवायचं नाही.

तर माळ्यावरच्या ट्रंकेत, धोतरात गुंडाळलेलं, आजोबांचं काही सापडलं तर? चाप ओढून बघू नका. ते भरलेलं आहे असंच धरून चाला. या पिस्तुलांची कळ वर्षानुवर्षं ताणलेलीही राहिलेली असू शकते. मोबाइलवर फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकू नका. आजोबांचा जुना परवाना त्याच ट्रंकेत असण्याचा संभव बराच असतो, तो आधी शोधा. वकिलाशी बोला आणि पिस्तूल पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा. वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज नंतर करता येतो, मिळेल किंवा न मिळेल.

जमा करण्याआधी ते घासू नका, तेल-रंग काही लावू नका. जमा करताना पावती घ्या, आणि तिच्यावर नुसतं ‘जुने पिस्तूल, एक नग’ लिहिलेलं असेल तर तिथून हलू नका. कंपनीचं नाव, बोर आणि नंबर लिहून घ्या. नंबर बहुधा सांगाड्यावर एका बाजूला, चापाच्या वर कोरलेला असतो. बारीक असतो, चष्मा बरोबर न्या.